दफ्तर कोणाच्या घरी? कंट्रोल पॅनेलचा इतिहास, वऱ्हाडातून पाहिलेला

आजचा धागा लांबला आहे आणि त्याचा विषयही नेहमीचा नाही. वीरगळ, ताम्रपट, मोडी कागद यांवर लिहीत असताना वाचकांकडून एक प्रश्न वारंवार येतो : गावाच्या इतिहासाचे संकेतस्थळ काढायचे आहे, तर होस्टिंग घेताना कंट्रोल पॅनेल कोणते निवडावे? हे संगणकाच्या विद्यार्थ्याला विचारा, असे उत्तर मी बराच काळ देत असे. पुढे वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा येथे आम्ही काही मित्रांनी असे एक संकेतस्थळ उभे केले आणि ते गमावले. तेव्हापासून माझे मत बदलले आहे. कागद कोणाच्या ताब्यात आहे, तो कोणाच्या परवानगीने बाहेर निघतो, आणि ताबेदारच नाहीसा झाला तर कागदाचे काय होते, हे दफ्तरांच्या इतिहासातले जुने प्रश्न आहेत. म्हणून सुरुवात वऱ्हाडापासून करतो.

अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन आहे. अहमदनगरच्या निजामशाहीकडून हा मुलूख १५९६ मध्ये मोगलांकडे आला, आणि सुभ्याच्या सरकारांमध्ये बाशिम, म्हणजे आजचे वाशीम, हे एक सरकार म्हणून नोंदले गेले. त्या वर्णनात एक लहानशी नोंद आहे. चौधरी म्हणतात त्याला या मुलखात देशमुख म्हणतात, कानूनगोला देशपांड्या, मुकद्दमाला पाटील आणि पटवाऱ्याला कुळकर्णी. बाहेरून आलेल्या अंमलदाराला हा शब्दकोश अत्यावश्यक होता. नावे कळली की व्यवस्था ओळखीची वाटू लागे, कारण रचना सर्वत्र तीच होती : परगण्यात देशमुखाकडे अधिकार आणि देशपांड्याकडे लेखन, गावात पाटलाकडे अधिकार आणि कुळकर्ण्याकडे लेखन.

यातली लेखनाची बाजू दिसायला गौण, परंतु ती हाती असणाऱ्याचे वजन फार. कोणाचे शेत किती, कोणाकडे बाकी किती, कोणाचे वतन कधीचे, हे सारे कुळकर्ण्याच्या रुमालात बांधलेले. आणि तो रुमाल बहुधा त्याच्या स्वतःच्या घरी, चावडीत नव्हे. तंटा उभा राहिला म्हणजे कागद मागवावा लागे. घर फुटले, जळले किंवा भाऊबंदकीत दोन ठिकाणी वाटले गेले म्हणजे गावाची स्मृतीही त्याबरोबर फुटे. वि. का. राजवाडे ज्या कागदांसाठी गावोगाव पायपीट करीत हिंडले ते कागद अशाच घरांच्या माळ्यांवर आणि अडगळीत होते. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यापूर्वी किती रुमाल वाळवीने खाल्ले, याचा हिशेब कोणाकडेच नाही.

आता संगणकाकडे वळू. संकेतस्थळ म्हणजे शेवटी फायलींचा एक संच. तो अहोरात्र चालू असणाऱ्या एका यंत्रावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवलेला असतो. त्या यंत्रावर जागा भाड्याने घेणे म्हणजे होस्टिंग. त्या जागेत फायली चढवणे, ईमेलची खाती उघडणे, डेटाबेस तयार करणे, डोमेन नाव जोडणे, सुरक्षिततेचे प्रमाणपत्र बसवणे, बॅकअप घेणे ही कामे काळ्या पडद्यावर आज्ञा टंकूनही करता येतात. त्या आज्ञा पाठ नसलेल्यांसाठी ब्राउझरमध्ये उघडणारी जी खिडकी असते, तिला कंट्रोल पॅनेल म्हणतात. खिडकीच्या आत बसलेला कारकून आपल्या वतीने त्याच आज्ञा देत असतो. अबुल फजलची नोंद येथेही उपयोगी पडते : प्रत्येक पॅनेलमध्ये चिन्हे वेगळी, शब्द वेगळे, आतले हुद्दे तेच.

ही खिडकी निर्माण का झाली, हे समजल्याशिवाय निवड नीट करता येत नाही.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ च्या सुमारास जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत पहिले संकेतस्थळ चालवले, तेव्हा सर्व्हर त्यांच्याच टेबलावरचा संगणक होता. 'हा सर्व्हर आहे, बंद करू नका' अशा अर्थाची हाताने लिहिलेली चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती. मालक, कारकून आणि दफ्तर एकाच खोलीत. पुढे संकेतस्थळे वाढली, तरी एक अडचण दीर्घकाळ राहिली : ढोबळमानाने प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र अंकी पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, लागे. ब्राउझर सर्व्हरकडे पान मागताना कोणत्या नावाच्या संकेतस्थळाचे पान हवे ते सांगतच नसे. मागणीबरोबर नावही पाठवण्याची रीत हळूहळू रूढ झाली आणि जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या नियमावलीने ती अनिवार्य केली. एवढ्याशा बदलाने एका यंत्रावर, एकाच पत्त्यावर, शेकडो संकेतस्थळे नांदू लागली. वाड्याची चाळ झाली, आणि भाडे उतरले.

चाळ झाली की मालकापुढे नवा प्रश्न येतो. प्रत्येक भाडेकरूला आपल्या खोलीत काहीतरी फेरफार हवे असतात. परंतु सर्वांच्या हाती मुख्य किल्ली, जिला संगणकाच्या भाषेत 'रूट'चा अधिकार म्हणतात, ती देता येत नाही. प्रत्येक लहान कामासाठी माणूस पाठवणेही परवडत नाही. खोलीपुरता अधिकार देणारी खिडकी हे त्यावरचे उत्तर होते. अमेरिकेत निक कोस्टन या तरुणाने १९९६ मध्ये स्पीड होस्टिंग नावाच्या एका छोट्या कंपनीसाठी सी-पॅनेल लिहिले, ते याच गरजेतून. ती कंपनी केव्हाच इतिहासजमा झाली, पॅनेल मात्र टिकले. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जेमी कॅमरन यांनी वेबमिन हे मुक्त सॉफ्टवेअर काढले. २००१ मध्ये रशियातील नोव्होसिबिर्स्क येथे घडवलेले प्लेस्क आले. २००३ मध्ये कॅनडातून डायरेक्ट-अॅडमिन आले. आपल्याकडे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे भारतातल्या घराघरांत डायल-अपची किरकिर सुरू होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा या खिडक्यांची मूळ रचना ठरूनही गेली होती. ती आपल्या गावांना किंवा लिपींना नजरेपुढे ठेवून ठरलेली नव्हती. या मुद्द्याकडे पुन्हा येईन.

१९९९ मधील सी-पॅनेलच्या तिसऱ्या आवृत्तीत 'वेब होस्ट मॅनेजर' हा वरचा मजला जोडला गेला. तेथपासून तीन पायऱ्यांची उतरंड स्थिर झाली : सर्वांत वर सर्व्हरचा मालक, मध्ये त्याच्याकडून घाऊक जागा घेऊन किरकोळीने विकणारा रिसेलर, आणि खाली खातेदार. खातेदाराला जे पॅनेल दिसते ते त्याच्या खोलीपुरते. रिसेलर त्याचे खाते उघडू शकतो, स्थगित करू शकतो, पुसूही शकतो. देशमुख, पाटील, कुणबी अशी तुलना करण्याचा मोह होतो. ती पूर्ण जुळत नाही, कारण कुणब्याला पाटलाचे घर तरी ठाऊक असे.

आमचा रिसेलर आम्हाला ठाऊक नव्हता. किन्हीराजा आणि आसपासच्या गावांतील जुन्या विहिरी, समाध्या, घरांतले मोडी कागद यांची सुमारे दोनशे छायाचित्रे आणि वयोवृद्धांच्या आठवणींची पंचवीसेक ध्वनिमुद्रणे आम्ही दोन उन्हाळ्यांत गोळा केली होती. होस्टिंग एका परिचिताच्या परिचिताकडून स्वस्तात मिळाले. पॅनेल सी-पॅनेलच होते, दिसायला नीटनेटके. आम्ही दर महिन्याला त्यात जाऊन 'बॅकअप' या बटणावर कर्तव्यबुद्धीने क्लिक करीत होतो आणि 'पूर्ण झाले' हा संदेश वाचून समाधानाने बाहेर पडत होतो. तो बॅकअप त्याच सर्व्हरवर, आमच्याच खोलीच्या कोपऱ्यात साठत होता. तो खाली उतरवून आपल्या संगणकावर घ्यावा, हे कोणालाच सुचले नाही. एके दिवशी विक्रेत्याने धंदा आवरला, भाडे वरच्या मालकाला पोचले नाही, आणि खाते पुसले गेले. फोन लागेना, ईमेल परत येऊ लागले. डोमेन नावही त्याच्याच नावावर घेतलेले होते, त्यामुळे तेही गेले. फोनमधली मूळ ध्वनिमुद्रणे जागा करण्यासाठी आम्ही आधीच पुसली होती. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये मुखपृष्ठ आणि अकरा पाने सापडली. आवाज एकही सापडला नाही. त्या पंचवीसांपैकी दोघे आता हयात नाहीत.

याहून कितीतरी मोठी उदाहरणे नोंदलेली आहेत. १९९४ मध्ये सुरू झालेल्या आणि १९९९ मध्ये याहूने विकत घेतलेल्या जिओसिटीजवर जगभरच्या हौशी लोकांनी लक्षावधी पाने उभारली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये याहूने ती सेवा बंद केली. जे वाचले ते अर्काइव्ह टीमसारख्या स्वयंसेवकांनी शेवटच्या महिन्यांत धावपळ करून उतरवून घेतले म्हणून. आपल्याकडे नेट-४-इंडिया या जुन्या डोमेन विक्रेत्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली आणि असंख्य ग्राहकांना आपलीच नावे नूतनीकरणासाठी वा दुसरीकडे नेण्यासाठी मिळेनात; अखेर आयकॅन या जागतिक नियामक संस्थेने २०२१ मध्ये तिची मान्यता काढून घेतली आणि नावे दुसऱ्या निबंधकाकडे सोपवली. म्हणून पॅनेलच्या निवडीआधीची एक निवड येथेच सांगून टाकतो : डोमेन नाव होस्टिंगवाल्याकडून घेऊ नका. ते वेगळ्या ठिकाणी, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदवा. घर बदलले तरी पाटी आपल्याजवळ राहते.

पॅनेलचे मालकही बदलतात, आणि ते खोलीतल्या माणसाला क्वचितच कळते. ओकली कॅपिटल या गुंतवणूक संस्थेने २०१७ मध्ये प्लेस्क घेतले आणि २०१८ मध्ये सी-पॅनेल. म्हणजे बाजारातले दोन प्रमुख प्रतिस्पर्धी एका मालकाकडे आले. जून २०१९ मध्ये सी-पॅनेलने नवी दरपद्धती जाहीर केली. तोवर एका सर्व्हरला एक ठरावीक शुल्क होते, त्यावर खाती कितीही ठेवा. आता दर खात्यांच्या संख्येवर आला : १०० खात्यांपर्यंत महिना ४५ डॉलर, त्यापुढे प्रत्येक खात्यामागे २० सेंट. स्वस्त दरात एका यंत्रावर पाचपाचशे खाती बसवणाऱ्या लहान विक्रेत्यांचे गणित त्या उन्हाळ्यात कोलमडले. कोणी भाडे वाढवले, कोणी डायरेक्ट-अॅडमिनकडे वळले, कोणी स्वतःचेच पॅनेल लिहिले.

वऱ्हाडच्या वाचकाला हे वाचताना मक्तेदारी आठवली तर नवल नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैदराबादच्या निजामाने (हा निजाम वेगळा, अहमदनगरची निजामशाही वेगळी, परीक्षेत ही चूक अनेकांकडून होते) वऱ्हाडचा महसूल मक्त्याने सावकारांकडे दिला होता. पुरणमल हा हैदराबादचा सावकार आणि त्यानंतर पेस्तनजी विकाजी यांची पारशी पेढी ही त्यातली गाजलेली नावे. मक्तेदार बदलला की वसुलीची रीत बदले. रयतेला विचारण्याचा प्रश्नच नसे. पुढे १८५३ च्या तहाने सारा मुलूखच कंपनी सरकारच्या कारभाराखाली गेला. गावात मात्र वही लिहिणारा बहुधा तोच राहिला. जुन्या कागदांत राज्ये बदलतात आणि हस्ताक्षर तेच राहते, याची गंमत मोडी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

तर निवड. एका गावाचे, मर्यादित छायाचित्रांचे आणि लेखांचे संकेतस्थळ असेल, तर सामाईक होस्टिंग पुरते, आणि त्यात पॅनेल तुम्ही निवडत नाही. ते होस्टिंगबरोबर येते. म्हणून प्रत्यक्षात निवड होस्टिंगवाल्याची असते आणि पॅनेल पाहून त्याची परीक्षा करता येते. सी-पॅनेल, प्लेस्क, डायरेक्ट-अॅडमिन ही तिन्ही या कामाला समर्थ आहेत. विंडोज सर्व्हर हवा असेल तर प्लेस्क चालते, सी-पॅनेल केवळ लिनक्सवर. डायरेक्ट-अॅडमिन अधिक हलके आहे आणि सी-पॅनेलचा बॅकअप वाचून खाते उभे करू शकते. घर बदलण्याच्या दिवशी या गुणाचे मोल कळते. चिन्हे किती, रंग कसे, एका क्लिकमध्ये किती सॉफ्टवेअर बसते, याकडे मी आता पाहत नाही. सुरक्षा प्रमाणपत्र हा एके काळी पैशांचा विषय होता. २०१५ च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्टची मोफत प्रमाणपत्रे सर्वांना खुली झाल्यापासून बहुतेक पॅनेले ते आपोआप बसवतात. त्यासाठी कोणी वेगळे पैसे मागितले तर कारण विचारावे.

विचारण्याचा खरा प्रश्न बॅकअपचा, आणि तो दोन तुकड्यांत विचारावा. सी-पॅनेलमध्ये खातेदाराला पूर्ण बॅकअप एका दाबलेल्या फाइलच्या रूपाने उतरवून घेता येतो : संकेतस्थळाच्या फायली, डेटाबेस, ईमेल, सारे त्यात असते. परंतु तो पूर्ण बॅकअप परत चढवण्याचा अधिकार खातेदाराच्या पॅनेलमध्ये नसतो. ते काम वरच्या मजल्यावरून होते. म्हणजे रुमाल घरी नेता येतो, पण तो पुन्हा चावडीत मांडायचा तर चावडीच्या मालकाची मदत लागते. याउलट फायलींचा वेगळा आणि डेटाबेसचा वेगळा असा आंशिक बॅकअप खातेदार स्वतः परत चढवू शकतो. म्हणून दोन्ही घ्यावेत. काही होस्टिंग कंपन्यांची स्वतःची पॅनेले दिसायला सुरेख असतात; त्यांना विचारावे की निघून जायचे झाल्यास माझे बाड दुसऱ्या कोणाला वाचता येईल अशा रूपात मिळेल काय. उत्तर गोलमोल आले तर पुढे जावे.

आता लिपीचा मुद्दा, ज्यावर इंग्रजी मार्गदर्शक लेख एक वाक्यही खर्च करीत नाहीत. बहुसंख्य पॅनेले मायएसक्यूएल किंवा त्याच्या भावंडाचा डेटाबेस देतात. मायएसक्यूएलचा जन्म स्वीडनमधला, आणि २०१८ मध्ये आठवी आवृत्ती येईपर्यंत त्याची मूळ अक्षरपद्धती पश्चिम युरोपीय लॅटिन होती व वर्णक्रम स्वीडिश! आपण वेगळे काही सांगितले नाही, तर वाशीमच्या गावांची यादी स्वीडिश वर्णमालेच्या नियमांखाली लावली जाई. यातून दोन प्रकारची हानी होते. एका प्रकारात मराठी मजकुराऐवजी स्वरचिन्हे लावलेल्या रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. तो बहुधा सोडवता येतो, कारण मूळ बाइट शाबूत असतात. मोडीतला अपरिचित वळणाचा कागद जसा सरावाने लागतो, तसे हे. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येते. त्यात मूळ अक्षर गेलेलेच असते. तो जळालेला कागद. म्हणून डेटाबेस तयार करतानाच अक्षरपद्धती यूटीएफ-८ च्या पूर्ण रूपावर, म्हणजे 'यूटीएफ-८-एमबी-४' वर ठेवावी.

मी एक साधी कसोटी वापरतो. नव्या होस्टिंगवर एक तक्ता तयार करून त्यात 'वऱ्हाड' हा शब्द लिहितो, डेटाबेस उतरवून घेतो, पुसतो, पुन्हा चढवतो. ऱ्ह जसाच्या तसा परत आला तर पुढची बोलणी. आपल्या प्रदेशाच्या नावातच ही कसोटी दडलेली आहे, हे मला फार आवडते.

देवनागरी डोमेन नावाविषयीही थोडे. ऑगस्ट २०१४ मध्ये .भारत हे देवनागरी नाव सुरू झाले आणि मराठीतही पत्ता घेणे शक्य झाले. तथापि इंटरनेटची नामव्यवस्था आतून रोमन अक्षरे, अंक आणि आडवी रेघ एवढेच ओळखते. म्हणून देवनागरी नाव 'प्युनीकोड' नावाच्या रोमन सांकेतिक रूपात बदलले जाते, आणि अनेक पॅनेलांत तुम्हाला तेच अनाकलनीय रूप भरावे लागते किंवा दिसते. असे नाव जरूर घ्यावे, पण जोडनाव म्हणून. मुख्य पत्ता रोमन ठेवावा, विशेषतः ईमेलसाठी. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

स्वतंत्र सर्व्हर घेऊन त्यावर मोफत पॅनेल बसवण्याचा सल्ला उत्साही मित्र देतात. वेबमिन व त्यावर उभे असलेले व्हर्च्युअलमिन, वेस्टा आणि त्यातून फुटून निघालेले हेस्टिया, सायबर-पॅनेल अशी बरीच नावे आहेत, आणि त्यामागे निष्ठेने काम करणारी माणसे आहेत. परंतु मुख्य किल्ली आपल्या हाती आली की पहाऱ्याची जबाबदारीही आपलीच. २०१८ मध्ये वेस्टाच्या अधिकृत स्थापना-फायलीतच हल्लेखोरांनी फेरफार केल्याचे उघड झाले. २०१९ मध्ये वेबमिनच्या काही आवृत्त्यांत चोरदार सापडले. ते कोणी बाहेरून फोडलेले नव्हते, सॉफ्टवेअर जेथे बांधले जात होते त्या यंत्रात शिरून आत बसवलेले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर-पॅनेलमधील त्रुटी वापरून हजारो सर्व्हरांवरच्या फायली खंडणीसाठी कुलूपबंद करण्यात आल्या. गडाचा दरवाजा रात्री आतून उघडला गेल्याच्या कथा आपण आवडीने वाचतो. येथे तो दरवाजा आपला असतो. दर आठवड्याला अद्ययावत करण्याचे काम कोण करणार, परीक्षेच्या महिन्यात कोण करणार, या प्रश्नांना नावासह उत्तर असेल तर हेस्टिया चांगले आहे. नसेल तर सामाईक होस्टिंगची चाळ बरी.

आणि एक पर्याय पॅनेल जवळजवळ अनावश्यक करणारा. लेख आणि छायाचित्रे यांसाठी डेटाबेस लागतोच असे नाही. साध्या एचटीएमएल पानांचे संकेतस्थळ कोणत्याही सर्व्हरवर, कोणत्याही पॅनेलखाली, फायली नुसत्या चढवल्या की चालते. शोधपेटी, प्रतिक्रिया, सदस्यनोंदणी यांचा मोह सोडावा लागतो. इतिहासाच्या साधनांसाठी मला हा त्याग स्वस्त वाटतो. पंचवीस वर्षांपूर्वीचे एचटीएमएल पान आजच्या ब्राउझरमध्ये उघडते, पाच वर्षांपूर्वीची देखभाल नसलेली पीएचपी प्रणाली बहुधा उघडत नाही.

या सगळ्यात मला पुनःपुन्हा वाशीमचाच एक ताम्रपट आठवतो. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा राजा द्वितीय विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षी, चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात, नांदेडकडील एका गावाचे दान दिले. त्याचा हा लेख. वंशावळ संस्कृतात, व्यवहाराचा भाग प्राकृतात. १९३९ मध्ये तो अभ्यासकांसमोर आला आणि वत्सगुल्म म्हणजे वाशीम येथून राज्य करणाऱ्या या शाखेचे चित्र स्पष्ट झाले. आता विचार करा. वत्सगुल्माला राजाचे दफ्तर असणार, लेखक असणार, दानांच्या नोंदी असणार. त्या दफ्तराचा एक तुकडाही आपल्यापर्यंत आलेला नाही. आली ती दान घेणाऱ्याच्या हाती दिलेली तांब्याची प्रत. ज्याचा हक्क होता त्याने ती स्वतःजवळ ठेवली, आणि सुमारे साडेपंधराशे वर्षांनी तिच्यावरून त्या राजाचा इतिहास लिहिला गेला.

किन्हीराजाचे नवे संकेतस्थळ आम्ही पुन्हा सी-पॅनेल असलेल्या सामाईक होस्टिंगवरच ठेवले आहे, या वेळी थेट सर्व्हरच्या मालकाकडून घेऊन. पाने साधी एचटीएमएल, केवळ छायाचित्रांच्या सूचीपुरता एक छोटा डेटाबेस, ज्याच्या पहिल्या ओळीत 'वऱ्हाड' लिहिलेले आहे. डोमेन वेगळ्या ठिकाणी, तिघांना उघडता येईल अशा ईमेलवर. पासवर्ड कागदावर लिहून एका पाकिटात बंद केलेले, पाकीट गावात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बॅकअप उतरवायचा, उघडून पाहायचा आणि दोन हार्ड डिस्कवर ठेवायचा. एक किन्हीराजाला, दुसरी अमरावतीला. तेवीस जणांपैकी अकरा जणांचे ध्वनिमुद्रण पुन्हा झाले आहे. बाकीच्यांकडे सोयाबीनची सोंगणी आटोपल्यावर जायचे ठरले आहे. या महिन्याची प्रत उतरवण्याची पाळी माझी.